सुनंदाचे केस आणि माझी कॅप्सूल

बायकोचे केस वाचवायच्या नादात मी तिच्या औषधावरच पाणी फिरवायला निघालो होतो.

माझी बायको सुनंदा गंजाडला अंगणवाडी सेविका. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर महिन्याभरात परत कामावर! (मला साधी सर्दी झाली तरी मी आठवडाभर पांघरूण सोडत नाही.) इस्ट्रोजेन अडवणारी एक गोळी मात्र तिला पाच वर्षं रोज घ्यायची होती. त्या गोळीने केस विरळ होऊ लागले. एक दिवस ती कंगव्यातला गुंता बघत बसलेली दिसली.

तडक डहाणू रोडला जाऊन केस वाढवणाऱ्या कॅप्सूलची डबी घेतली. गुजराती दुकानदार म्हणाला, "काका, एकदम नॅचरल छे! महिन्यात वेणी!"

सुनंदाने डबी उलटसुलट पाहिली. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही."

"अगं, झाडपाल्याचं आहे!"

"धोतराही झाडच आहे."

मग मी हुशारी केली. रोज सकाळी कॅप्सूल फोडून तिच्या वाटीतल्या नाचणीच्या आंबिलीत गुपचूप ढवळू लागलो. चार दिवस दोघांच्याही वाट्या चाटूनपुसून साफ!

पाचव्या दिवशी तपासणी. सुनंदाने पिशवीतून तीच डबी काढून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली.

बाईंनी लेबल वाचलं. "यात सोयाचा अर्क आहे. तो शरीरात इस्ट्रोजेनसारखा वागू शकतो. तुमची गोळी जे अडवते, तेच हे मागल्या दाराने आत आणायचं! किती घेतल्यात?"

"चार," मी रडवेला होऊन म्हणालो. "मीच घातल्या. आंबिलीत."

"मी एकही नाही घेतली," सुनंदा शांतपणे म्हणाली. "पहिल्याच दिवशी वास आला. मग रोज वाट्या बदलल्या. चारही यांच्याच पोटात गेल्या."

"अगं, मला न विचारता?"

"तुम्ही तरी कुठे विचारलं होतं?"

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग सुनंदाला टाळूला लावायचं औषध लिहून दिलं. तिच्या गोळीबरोबर ते चालतं म्हणाल्या. काही महिन्यांनी भांगाशी बारीक काळी लव उगवली. सुनंदाने ती आधी अंगणवाडीतल्या पोरांना दाखवली, मग मला.

तपासणीच्या त्या दिवशी चिठ्ठीच्या तळाशी बाईंनी आणखी एक ओळ लिहिली होती : "औषधे नवऱ्याच्या हाती देऊ नयेत."

जन्मात पहिल्यांदाच मला डॉक्टरांचं अक्षर लागलं!