साल चढलेल्या बहिणी

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रीनहाऊसमध्ये होते. परदेशात, वाखनिंगनच्या विद्यापीठात मी झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या बुरशीवर संशोधन करते. धाकटी बहीण नागपूरहून म्हणाली, "ताई, दादा गेला. गाडीचा ॲक्सिडेंट झाला." मी "बरं" म्हणाले. उरलेल्या रोपांचे नमुने घेतले, डब्यांना लेबलं लावली आणि मग तिकीट काढलं.

पोचले तोवर सगळं उरकलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी बुद्धवंदना म्हटली, पाहुण्यांना वाढलं. आईला उठवून बसवावं लागत होतं. मावशी मला म्हणाली, "तू मोठी घट्ट मनाची गं." मन घट्ट वगैरे काही नव्हतं. दाताचं इंजेक्शन घेतल्यावर गाल आपला वाटत नाही, तशी मी अख्खीच झाले होते. दोन आठवड्यांनी परत आले आणि कामाला लागले.

इथे मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालकीण, सत्तरी उलटलेली, एकटी. तिने आयुष्यभर शाळेत लॅटिन शिकवलं. एका रविवारी सकाळी तिने मला जिन्यात हटकलं.

"हल्ली तू रोज इथे थांबतेस. या चित्रापाशी."

मला ते माहीतच नव्हतं. जुन्या पुस्तकातलं सुटं पान फ्रेम करून लावलेलं होतं. तीन बायका, हात वर, बोटांना पानं फुटलेली, कमरेपर्यंत साल. एक म्हातारी एकीची फांदी ओढतेय.

तिने मला स्वयंपाकघरात बसवलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन कवितेतली ही गोष्ट. त्या कवितेत माणसं सारखी कशाकशात बदलत असतात, कुणी पक्षी होतं, कुणी दगड. या बहिणींच्या भावाने हट्टाने वडिलांचा, म्हणजे सूर्याचा, रथ हाकायला घेतला आणि तो मेला. बहिणी महिनोन्‌महिने त्याच्या थडग्यापाशी रडत राहिल्या. एक दिवस उठायला गेल्या तर पायांना मुळं फुटलेली.

"कुठली झाडं झाल्या?" मी विचारलं.

"पॉप्लर."

"पॉप्लरची साल बुंध्याशी आधी जाड होते. चित्र बरोबर आहे."

ती हसली नाही. "ही म्हातारी त्यांची आई. ती साल सोलायला जाते, तर आतून रक्त येतं. मुलीच तिला थांबवतात."

मग तिने कपाटातून आणखी चित्रं काढून टेबलावर मांडली. काही याच देशात छापलेली, काही इटलीतली. लॅटिनचं अक्षर न येणारे चित्रकारही असली छापील पानं समोर ठेवून रंगवायचे, असं तिने सांगितलं. प्रत्येकाने आईचे हात वेगळे काढले होते. कुणाची आई जिवाच्या आकांताने ओढत होती, कुणाची नुसती सालीवर हात टेकून उभी होती.

"या झाड झाल्यावरही रडतात," ती म्हणाली. "त्या आसवांचा डिंक होतो."

"माझं तसं नाही. आत काही नाहीच."

तिने माझ्या कपात कॉफी ओतली. समजूत वगैरे काढली नाही, ते बरं वाटलं.

दुपारी आईला फोन केला. बोलायला काही नव्हतं म्हणून ही गोष्ट सांगितली. आईने मध्ये एकदाही हुंदका न देता ऐकली.

"मग त्या आईचं काय झालं?"

मी फोन तसाच धरून खाली जाऊन विचारलं. घरमालकीण म्हणाली, "ते कवीने लिहिलेलं नाही. तो पुढच्या गोष्टीकडे वळला."

आईला तसं सांगितलं. मग ती म्हणाली, "जेवलीस का?"

"हो." जेवले नव्हते.

"रोज फोन करत जा. काही बोलली नाहीस तरी चालेल."

तेव्हापासून रोज करते. फोन चालू ठेवून तिकडे ती भाजी निवडते, इकडे मी भांडी घासते. मला रडू अजून आलेलं नाही. आईही त्याबद्दल विचारत नाही.