गाईच्या कपारीला कुलूप

"लेणी तू बघ. मला माझं घर दाखव," असं आईनं पुण्यातच सांगून ठेवलं होतं.

घर म्हणजे घाटनांदूरच्या पलीकडच्या डोंगरातली एक कपार, गाईची कपार म्हणतात तिला. बहात्तरच्या दुष्काळात गावातली विहीर आटली, तेव्हा आजोबा बायकोपोरं आणि जनावरं घेऊन तिथंच राहायला गेले, कारण आत खडकातून पाणी झिरपायचं. आई तेव्हा परकरी पोर, तिचा भाऊ दत्ता झोळीतला. यंदाही पावसानं दगा दिला. आईच्या गुडघ्यांनीही दगा द्यायच्या आत जाऊन येऊ म्हणून मार्चच्या सुरुवातीला आम्ही मायलेकी निघालो.

गाडी असेल तर नगर, जामखेड, मांजरसुंबा, केज असा रस्ता धरा. नसेल तर केजपर्यंत एसटी आणि पुढं जीप. पण ती खचाखच भरल्याशिवाय हलत नाही. केजच्या स्टँडसमोर मिरची भजी खाताना आईची भाषा आपोआप बदलली. "लई तिखट हाय गं," म्हणत तिनं दुसरी प्लेट मागवली.

अंबाजोगाईत मुक्काम करा, साध्या लॉजमध्ये स्वस्तात भागतं. ऊन चढायच्या आत हत्तीखाना लेणी बघून घ्या. अखंड कातळात कोरलेला मंडप, अंगणात झिजलेले दगडी हत्ती. मी फोटो काढत होते, आई बाहेर सावलीला बसून होती. तिला पुढं जायचं होतं.

संध्याकाळी मामाच्या घरी पोचलो. दत्तामामा गावातल्या पाणी सोसायटीचा चेअरमन. अंगणात ट्रॅक्टर, आत गार फरशी. मामीनं धपाटे आणि घट्ट दही वाढलं. कपारीचं नाव काढताच मामा म्हणाला, "कशापायी जातीस अक्का तिकडं? पडझड झालीय. नुसती वटवाघळं हायेत." त्याला बहिणीची काळजी वाटते, असं मला वाटलं.

सकाळी तो कामाला बाहेर पडल्यावर आम्ही डोंगराकडे निघालो. चढ फार नाही, पण पाणी सोबत घ्या. हा डोंगर बघण्यासारखाच आहे. काळ्या खडकाचे थर आणि मध्ये विटकरी लाल मातीचा पट्टा. लाल पट्टा ठिसूळ, तो झडत जातो. वरचा काळा दगड छपरासारखा पुढं आलेला राहतो आणि खाली कपारी तयार होतात. कुठं शेळ्या बसलेल्या, कुठं चुलीच्या धुरानं छत काळं झालेलं. आई हातानं दाखवत पुढं चालत होती. "हितं दावणी. हितं आईची चूल."

शेवटच्या वळणावर ती थांबली. कपारीच्या तोंडाला लोखंडी जाळीचं दार होतं आणि दाराला कुलूप. आतून काळा पाइप निघून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला उतरत होता. पाइपाच्या सांध्याखाली हंडा लावून एक म्हातारी बसली होती. सांधा थेंब थेंब गळत होता.

"आतलं पाणी कुणाचं हो?" आईनं विचारलं.

"सोसायटीचं."

"तुमी न्हाई का सोसायटीत?"

"हाव की. समद्यांनी अंगठे दिल्यात." तिनं हंडा जरा सरकवला. "पाणी चेरमनच्या उसाला जातंय. आमची पोरं परमुलखात ऊस तोडाय गेलीत. गावात टँकर आला तर आला."

चेअरमन आपला भाऊ आहे, हे आईनं तिला सांगितलं नाही. जाळीला कपाळ टेकून ती बराच वेळ आत बघत राहिली. पाइपाच्या दिशेनं मी खाली पाहिलं. सगळ्या तांबड्या माळावर तेवढाच एक हिरवागार पट्टा होता.

दुपारी मामीनं ताटं वाढली. आई ताटाला शिवली नाही.

"दत्ता, कपारीचं कुलूप काढ."

मामा हसला. "ठराव हाय अक्का. संस्थेचं पाणी हाय ते."

"त्या पाण्यावर तू जगलास. आपल्या आबानं तवा कुणाला अडवलं न्हाई. अर्धं गाव घागरी घेऊन यायचं."

"तवा ऊस नव्हता," मामा म्हणाला.

आई उठली. मामी तिच्या हाताला धरून रडायला लागली. मामानं मान वर केली नाही. "भरल्या ताटावरून उठलीस तर माहेर तुटलं समज," एवढंच म्हणाला. उंबऱ्याशी आई क्षणभर थांबली. मला वाटलं, ती परत फिरेल. ती चप्पल शोधत होती.

परतीच्या वाटेवर मांजरसुंबा आला. आई म्हणाली, "भूक लागली." ढाब्यावर आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली.

कपारीचा पत्ता या लेखात लिहू की नको, असं मी तिला विचारलं. "लिही की," ती म्हणाली, "लोकांनी बघावं." तर घाटनांदूरहून दक्षिणेला जा आणि डोंगरात काळा पाइप शोधा. त्याच्या कडेकडेनं वर गेलात की चुकणार नाही.

दिवाळीत मामाचा फोन आला. भाऊबीजेला येऊ का, विचारत होता. "कुलूप काढलंस?" आईनं विचारलं. "ठराव हाय अक्का," तो म्हणाला. तिनं फोन ठेवला.

भाऊबीजेला तिन्हीसांजेला तिनं ताम्हनात निरांजन लावलं, गच्चीत गेली आणि भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं चंद्राला ओवाळलं.