लेओकादियाचा सूर

लेओकादियाला तोंडावर म्हातारी म्हणायची उझगिरे गावात कुणाची छाती नव्हती. मूठभर घरांचं गाव, तळ्याकाठी राय धान्याची शेतं आणि तिठ्यावर ओकच्या लाकडाचा कोरीव क्रूस. ऑगस्टात मरियामाईच्या सणाला रानफुलांच्या आणि कणसांच्या जुड्या घेऊन सगळे त्या क्रूसापाशी जमत. प्रार्थना झाली की दोघी बायकांनी जुनं जोडगाणं म्हणायचं, ही गावाची रीत.

हे गाणं ऐकायला गोड नसतं. दोघींचे सूर अगदी लगत असतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारशेजारच्या दोन घंटा एकदम वाजाव्यात, तसे ते एकमेकांवर आदळतात. एकीनं जरा नमतं घेतलं की गाणं मेलंच.

लेओकादियाची जोडीदारीण म्हणजे तिची नणंद बार्बोरा. ती उपासाच्या दिवसांत देवाघरी गेली. तेव्हा गावकारभारी गिंताउतास म्हणाला, "मावशी, तुमचं दोघींचं रेकॉर्डिंग आहे ना? यंदा कर्ण्यावर तेच लावू."

"मेलेल्या बाईला खांबावर टांगून गायला लावतोस? गाणारी मी आणते. तू खुर्च्या मांड."

तिनं निवडली सून. स्काइस्ते तिचं नाव; शहरातली, चर्चच्या गायनवृंदात वाढलेली. आवाज खणखणीत, पण दुसऱ्या ओळीलाच तिचा सूर हळूच सासूच्या सुराला जाऊन चिकटे.

"पुन्हा आलीस माझ्याकडे!"

"आई, कानाला टोचतं हो. आपोआप सरकते मी."

"मला सांभाळून घेतेस. स्वयंपाकघरात सांभाळ की! गाण्यात मला सून नकोय."

सण उद्यावर आला तरी तेच. लेओकादियानं जपमाळ ओढली आणि मरियामाईला स्पष्ट सांगितलं, 'आता युक्ती सुचव.' दुपारी सुनेनं बीटचं गार, गुलाबी सार वाढलं, सोबत गरम बटाटे. लेओकादियानं एक चमचा तोंडात घातला आणि वाडगा बाजूला सारला.

"सार आहे की शेपूचा वाफा?"

स्काइस्तेचे कान लाल झाले. "आठ वर्षं असंच करतेय! आठ वर्षं मुकाट्यानं खाल्लंत!"

"तर मग गा आता," म्हणत लेओकादियानं सूर लावला.

सून तावातावानं गायली आणि तसूभर हलली नाही. खिडकीची काच झणझणली. लेओकादियानं डोळे मिटून क्रूसाची खूण केली.

दुसऱ्या दिवशी क्रूसापाशी सगळा गाव उभा होता. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्याला लोकांकडे बघून स्काइस्ते बिचकली, सूर सरकायला लागला. लेओकादिया श्वास घेता घेता एवढंच पुटपुटली, "शेपू."

सुनेची मान ताठ झाली. सूर जागच्या जागी परतला आणि शेवटपर्यंत तिथंच रोवून उभा राहिला. दोन्ही सूर असे आदळले की गिंताउतासनं टोपी काढली.

गाणं संपल्यावर स्काइस्ते कुजबुजली, "आई, खरं सांगा. मला चिडवायलाच म्हणालात ना?"

"क्रूसापुढं उभी आहे, खोटं कसं बोलू? शेपू जास्तच होता." लेओकादियानं हातातली कणसांची जुडी तिच्या हातात दिली. "पुढल्या वर्षी पहिला सूर तू लाव. मी आदळते."