वाळूच्या डोंगरावरचं कुंकू

धाकटी जाऊ अमेरिकेहून लेकीकडून परतली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या टीव्हीवर फोटो लावून बसली. खरं तर आम्ही दोघींनी जायचं होतं. माझाही व्हिसा झाला होता. मध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं. कुणीतरी थांबायचं म्हणजे मीच थांबायचं, हे घरात कुणाला बोलून दाखवावंही लागलं नाही.

फोटो वाळवंटातल्या एका खोल दरीचे होते. कडे खाली गडद लाल, वर फिकट होत गेलेले, माथ्यावर जवळजवळ पांढरे. अंगभर तिरक्या रेघा.

"आधी वाऱ्याने साचलेल्या वाळूच्या टेकड्या होत्या, ताई. त्यांचाच दगड झाला. लाल रंग लोखंडाच्या गंजाचा," जाऊ म्हणाली.

जावयाने शिकवलेलं. वडपे गावाच्या पलीकडे आमची दगडखाण आहे, वीस वर्षं मी चालवते. आणि ही मला दगड समजावत होती.

"खडीला चालायचा नाही हा. क्रशरमध्ये टाकला की परत वाळूच," मी म्हटलं.

माथ्यावर उभ्या जावेचा फोटो आला, तशी सासूबाईंनी मान उंच केली. "वरती देऊल कुनाचं हाय?"

"देऊळ न्हाय, आई," जाऊ म्हणाली.

"मंग चढली कशाला?"

सगळे हसले. जाऊही हसली. मग म्हणाली, माथ्यावर देऊळ नाही म्हणून तिलाही चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. पर्समध्ये कुंकवाची डबी होती. तिने बोट ओलं करून दगडालाच दोन बोटं लावली, एक स्वतःच्या नावाचं, एक माझ्या. तेवढ्यात मागून तिथला गणवेशातला रखवालदार आला. भयंकर तापला. जावयाने माफी मागितली आणि हिने बाटलीतलं पाणी ओतून रुमालाने घासलं.

"निघालं का?" मी विचारलं.

"तुमचं निघालं. ते मी काळ्या, तकतकीत भागावर लावलं होतं. आपल्या खदानीतल्या दगडासारखा दिसला ना, म्हणून. माझं साध्या दगडावर होतं, ते काही निघेना. पिऊनच टाकलं त्याने."

कारण मला लगेच कळलं. वाळूच्या दगडात बारीक भोकं असतात, ओलं कुंकू आत उतरणारच. काळ्या भागावर कसला तरी घट्ट थर चढलेला असणार, त्यावर रंग वरच्या वर राहिला. दगडाचा दोष नव्हता, तिचाही नव्हता. तरी चूक केली हिने, बोलणी खाल्ली हिने, आणि डोंगरावर कायमचं राहिलं तेही हिचंच.

"पुढच्या थंडीत मी जाणार," मी म्हटलं. "तेव्हा आई तुझ्याकडे."

जावेचा रिमोटवरचा अंगठा थांबला.

"मी काय गाठोडं हाय?" सासूबाई म्हणाल्या.

"गाठोडं असतात तर बरोबरच नेलं असतं तुम्हाला," मी म्हटलं आणि जावेकडे वळले. "चढ किती तासांचा गं?"

"चार," जाऊ टीव्हीकडेच बघत म्हणाली.