बांगड्यांच्या काचांचं तोरण

फुटक्या बांगडीचा तुकडा मेणबत्तीवर धरला की मऊ होतो. मग त्याची टोकं जुळवून कडी करायची, तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी. ठाण्याच्या आमच्या चाळीत मला दोनच कामांसाठी ओळखत: मोर्च्याची पत्रकं वाटणं आणि ही तोरणं करणं. पहिल्यासाठी शिव्या मिळत, दुसऱ्यासाठी काचा.

शेजारच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं, तेव्हा सगळ्याजणी आपापल्या काचा घेऊन आल्या. तिची आत्यासुद्धा. सगळ्यांत शेवटी आमची एक वर्गमैत्रीण आली. वर्षापूर्वी नवरा गेला, तेव्हा बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या होत्या. ते तुकडे तिने रुमालात बांधून ठेवले होते.

"हे चालतील?"

"चालतील? पहिले हेच लावते! बघतेच कोण काय म्हणतं."

"तुझी सभा नको गं. मधे कुठेतरी घाल. तिच्या लग्नाला मला येता येणार नाही, हे तरी असू दे."

तोरण पुरं झालं आणि आत्या दारात उभ्या. तिला रुमाल घेऊन येताना त्यांनी पाहिलं होतं.

"तिच्या काचा आहेत ना यात? काढ आधी."

"कोणत्या?"

"हिरव्या!"

"आत्या, सगळ्यांच्याच हिरव्या आहेत. तुमच्यासुद्धा. ओळखा आणि काढा."

आत्यांनी तोरण उजेडात धरलं, दोन-चार कड्या चाचपल्या, खाली ठेवलं. "जीभ चालते नुसती! दाराला हे लागणार नाही."

नाहीच लागलं. नवरी तिथेच बसली होती, एक शब्द बोलली नाही. मला तिचा इतका राग आला की अक्षता टाकून मी जेवायलाही थांबले नाही. शिकलेल्या मुली अशा गप्प बसतात म्हणूनच या रूढी टिकतात, असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

पण तोरण तिने लुगड्यांच्या घडीखाली घालून सासरी नेलं होतं. दिवाळीनंतर तिने आम्हा दोघींना डोंबिवलीला बोलावलं. एका खोलीचा संसार, दारही एकच. त्या दारावर तोरण.

"सासूबाईंना सांगितलंस?" मी कुजबुजले.

"पहिल्याच दिवशी. सगळं."

आमची वर्गमैत्रीण उंबऱ्याबाहेरच थांबली. वाऱ्याने तोरणाचा एक सर दुसऱ्यात अडकला होता. तिचा हात वर गेला, मग थांबला. आत सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"सोडव ना," नवरी म्हणाली. "माझा हात पोचत नाही."

तिने टाचा उंचावून एकेक कडी हलकेच सोडवली. सासूबाईंनी मान वर केली. माझं भाषण अगदी ओठांवर आलेलं.

"चपला आत घ्या गं पोरींनो," त्या म्हणाल्या, "इथे चोरीला जातात."