न उघडणारं फोल्डर

सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला त्या वर्षी मी वाशीची नोकरी सोडली आणि घरबसल्या वेबसाइट बनवायला लागले. नवीन पनवेलमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीनंतर यायचा. सासऱ्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. कोथिंबिरीची जुडी आणायला खाली उतरायचं तरी शेजारणीला येऊन बसायला सांगावं लागे, आणि तीही रोज कशी येणार? मग मी माझं टेबल त्यांच्या पलंगाला खेटूनच लावलं. ते छताकडे बघत पडायचे, मी स्क्रीनकडे बघत बसायचे.

बनवलेली वेबसाइट कुठेतरी भाड्याच्या जागेत ठेवावी लागते. मी घेतलेलं खातं स्वस्तातलं होतं. एका सर्व्हरवर माझ्यासारखे कितीतरी भाडेकरू. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘अनलिमिटेड’. मी विश्वास ठेवला. न ठेवायला काही कारणही नव्हतं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट मी त्या एकाच खात्यात ठेवल्या. बहुतेक लहानसहान होत्या. मोठ्या दोनच. एक पनवेलमधल्या दातांच्या डॉक्टरांची. त्यांच्या दवाखान्याचे सगळे ईमेलही त्याच खात्यातून चालायचे. दुसरी उरणकडच्या एका कोळीवाड्याची.

ही कोळीवाड्याची साइट तिथल्याच एका वयस्कर गृहस्थांनी करून घेतली होती, मी त्यांना काका म्हणायचे. काका तरुणपणी मासेमारी करायचे, नंतर बंदरात नोकरीला लागून निवृत्त झाले होते. त्यांचं मूळ गाव उठवून दुसरीकडे बसवलेलं. त्यामुळे जुन्या गावातली घरं, होड्या, लग्नं, नारळी पौर्णिमा, जे काही कुणाच्या अल्बममध्ये होतं ते त्यांनी घरोघर फिरून गोळा केलं. एसटीने पनवेलला यायचे, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत अल्बम. मी फोटो स्कॅन करून खात्यात चढवायचे आणि माझ्या भरलेल्या कॉम्प्युटरवरून पुसायचे, तोवर ते सासऱ्यांच्या उशाशी खुर्ची ओढून बसायचे. भरती-ओहोटीच्या गोष्टी सांगायचे. उत्तर येत नाही याचं त्यांना काही वाटत नसे. “ऐकतान ते,” म्हणायचे. “डोल्यांत दिसतं.”

एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला. कालपासून एकही मेल येत नाहीये. मी खातं उघडायला गेले तर पासवर्ड चालेना. साइट बघितल्या तर सगळ्यांच्या जागी एकच पांढरं पान: खातं स्थगित केलं आहे, मदत विभागाशी संपर्क साधा.

मदत विभाग म्हणजे चॅटची खिडकी. पलीकडचा माणूस फार नम्र होता.

“तुमच्या खात्यात फायलींची संख्या मर्यादेपेक्षा जास्त झाली आहे.”

“जागा तर अनलिमिटेड आहे ना?”

“जागा अनलिमिटेड आहे. फायलींची संख्या नाही.”

हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. फाइल केवढी आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. टिकलीएवढी असो की भिंतीएवढी, एक ती एक. प्रत्येक ईमेल ही एक फाइल. आणि फोटोंची गॅलरी चालवणारं सॉफ्टवेअर एकेका फोटोच्या लहानमोठ्या सहा-सात प्रती आपणहून करून ठेवत होतं.

मी लिहिलं, “ठीक आहे, मी काही फायली काढते. खातं उघडा.”

“आधी फायली काढा, मग खातं उघडता येईल.”

“पण खातं बंद असताना फायली कशा काढू?”

“आपली अडचण मी समजू शकतो. कृपया आधी फायली काढा.”

मी तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिले. पलीकडची माणसं बदलत होती, वाक्य बदलत नव्हतं. मध्येच सासऱ्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली. त्यांना वळवून, पाठीला पावडर लावून परत आले तर खिडकी बंद झालेली. पुन्हा रांगेत पहिल्यापासून. त्या दिवशी मी स्वयंपाक केला, त्यांना भरवलं, कपडे धुतले, आणि या प्रत्येक कामाच्या मधल्या फटीत येऊन तेच वाक्य वाचलं. संध्याकाळ झाली. गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोरच्या इमारतीची गॅलरी, तिलाही आमच्यासारखीच लोखंडी जाळी.

शेवटी कुणीतरी वरिष्ठ भेटला. त्याने थोड्या मुदतीसाठी खातं उघडून दिलं. तेवढ्यात संख्या खाली आली नाही, तर खातं कायमचं बंद, आतलं सगळं पुसलं जाईल.

मी आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या दवाखान्यात जुने मेल कुणी कधी काढतच नसत. त्यातले निम्मे तर जाहिरातींचे होते.

“नको असलेले मेल काढू का, डॉक्टर?”

“एकही मेल काढायचा नाही,” ते म्हणाले. “तुम्ही अनलिमिटेड म्हणाला होतात. आता हे माझ्या गळ्यात कशाला?”

दुसऱ्यांच्या पत्रांना मी परस्पर हात लावणार नव्हते. मग काकांना फोन केला. ते म्हणाले, उद्या येतो.

आले. सगळं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाले, “मंग आमचं काढून टाक.”

“काका, एवढे फोटो!”

“कागदावर घरोघर हायत ना! तू काढ, बाय. विचार करू नको.”

माझ्याने बटण दाबवेना. सगळे फोटो आधी उतरवून घ्यावेत म्हटलं, तर सगळ्याची एकत्र प्रत काढायलाही खात्यात एक नवी फाइल तयार व्हावी लागते, आणि नव्या फाइलला परवानगी नाही. एकेक उतरवायला बसले तर आमच्या लाइनवर ते मुदतीत होणं शक्य नव्हतं. राहता राहिल्या त्या सॉफ्टवेअरने केलेल्या लहान प्रती. त्या गेल्या तरी मूळ फोटोंवरून पुन्हा करता आल्या असत्या. पण त्या ज्या फोल्डरमध्ये होत्या ते उघडेचना. आत इतक्या फायली, की यादी यायच्या आधीच पान दम तोडायचं. जे काढायचं ते मला दिसतच नव्हतं.

न बघता काढायचं, एवढाच मार्ग उरला. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी लांबी-रुंदीचे आकडे आहेत ती लहान प्रत, तेवढीच काढ. तीन वेळा वाचून बघितला. चुकला असता तर मूळ फोटोही गेले असते. सर्व्हरवर नवी फाइल चढत नव्हती, म्हणून माझ्या स्वतःच्या साइटच्या एका पानातला मजकूर पुसून त्यातच तो लिहिला. आणि चालवणार, तेवढ्यात लाइट गेली.

भारनियमनाची वेळ मला ठाऊक होती, पण त्या दिवशी लाइट वेळेआधीच गेली होती. पंखा थांबला. सासऱ्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मी वर्तमानपत्राने वारा घालायला लागले आणि घालता घालता मला रडू कोसळलं. काकांनी माझ्या हातातून वर्तमानपत्र घेतलं.

“स्टेशनाजवल त्यो कॅफे हाय ना, तितं जनरेटर आसंल. जा तितं.”

“बाबांना सोडून?”

“मी हाय ना. आमी दोगं बसतो गप्पा मारीत.”

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी डावा हात उचलला आणि बोटं बाहेरच्या दिशेला हलवली. जा.

चप्पल घालून निघाले. दुपारच्या उन्हात एकटीने चालून किती महिने झाले होते, मला आठवेना. कॅफेत जनरेटरचा आवाज होता, कोपऱ्यातलं मशीन रिकामं होतं. प्रोग्रॅम चालू केला. तो थोडा वेळ चालायचा, सर्व्हर त्याला तोडायचा, मी पुन्हा चालू करायचे. मधूनच एखादा मूळ फोटो उघडून खात्री करायचे. होडीवर चढवलेली पताका, मांडवातल्या बायका, सगळे जागच्या जागी होते. संख्या खाली येत होती. शेवटी ती मर्यादेच्या खाली आली. सगळ्याची एकत्र प्रत काढायला लावली. ती तयार झाली, कॅफेच्या वेगवान लाइनवर उतरवायला सुरुवात झाली, आणि मला करण्यासारखं काही उरलं नाही.

उतरवून, सीडीवर भरून झाल्यावरही मी तिथे बसून राहिले. मशीनचं भाडं चढत होतं. घरी जावंसं वाटत नव्हतं, एवढंच. मग उठले.

घरी लाइट आली होती. सासरे झोपले होते. काका खुर्चीत पेंगत होते. मी त्यांना सांगितलं, सगळे फोटो वाचले. त्यांनी पंच्याने डोळे पुसले. तेव्हा मला शंका आली.

“काका, कागदावरचे खरंच आहेत ना घरोघर?”

“कशाचे हायत!” ते म्हणाले. “नव्या जागेत वालवी हाय. भिंती खाल्ल्या, अल्बम काय ठेवल? तू सकॅन केलंस तेच रायले.”

“मग काढून टाक कशाला म्हणालात?”

“तुजं तोंड बगितलं ना मी,” एवढंच म्हणाले, आणि पिशवी खांद्याला लावून शेवटची उरण गाडी पकडायला निघून गेले.

डॉक्टर महिन्याभरात साइट दुसरीकडे घेऊन गेले. जाताना आपले सगळे मेल मात्र माझ्याकडून व्यवस्थित मागून घेतले. कोळीवाड्याची साइट मी वेगळ्या खात्यात हलवली. गॅलरीचं सॉफ्टवेअर काढून साधी पानं केली, एका पानावर एक घर. फोटो मोठे होते, उघडायला वेळ लागे, पण कुणाची तक्रार आली नाही. सगळ्याच्या तीन सीडी करून काकांना दिल्या. त्यांनी एक समाजमंदिरात ठेवली, एक मुलाला दिली. तिसरी तुमच्याकडेच असू दे, म्हणाले.

त्यानंतर काका गुरुवारी येऊ लागले, साइटचं काही काम नसलं तरी. सासऱ्यांजवळ बसायचे आणि मला म्हणायचे, “जा, जरा फिरून ये.” मी जायचे. लांब कुठे नाही. तळ्याला एक फेरी मारायची, एक उसाचा रस प्यायचा. आठवड्यातले बाकीचे दिवस तसेच होते, तीच खोली, तोच पलंग, तीच जाळी. पण गुरुवार माझा होता, आणि तो सासरे गेले त्या आठवड्यापर्यंत चुकला नाही.