हजारपट, पण तिघांत वाटून

प्रभाकर सामंत सरांची आणि माझी पहिली गाठ एका बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमुळे पडली. सर दिवसा मुंबईत एका कारखान्याच्या मापनयंत्र विभागात नोकरी करत आणि संध्याकाळी व रविवारी चंदनसारला, आपल्या इमारतीखालच्या गाळ्यात, दुरुस्तीची कामं घेत. मी होळी गावचा, भाजीवाडीतला, नववीत शाळा सोडलेला. टेप घ्यायला गेलो आणि आत काय चाललंय ते वाकून बघत राहिलो. सर म्हणाले, "उजेड अडवू नकोस. बघायचंच असेल तर इकडे येऊन बस."

बसलो तो वर्षानुवर्षं उठलोच नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण माझा पाय एका जागी ठरत नसे. कधी केबलवाल्याकडे जाई, कधी रिक्षावर. परत आलो की सरांनी कधी "कुठे उलथला होतास?" असं विचारलं नाही. "सोल्डरिंग आयर्न तापलंय, हात चालव," एवढंच म्हणत. या एका वाक्यासाठी मी पुनःपुन्हा परत आलो, हे त्यांना ठाऊक आहे की नाही, कोण जाणे.

सरांच्या साठीच्या या ग्रंथात जाणकार मंडळी त्यांच्या कामाबद्दल नीट लिहितीलच. मी इथे मस्कतला पंपांची पॅनेलं दुरुस्त करतो. माझ्या लिहिण्याला शिस्त नाही, म्हणून इथे येताना काय घडलं तेवढंच सांगतो.

मस्कतचं काम पक्कं झालं तेव्हा आईचे कान जवळजवळ गेले होते. समोर बसलेल्याच्या ओठांवरून ती निभावून नेई, फोनवर मात्र काही कळत नसे. कानाचं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्ट्या मारी. माझ्यासाठीच घरात फोन आला होता, आणि आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू जा बाबा. पन तू तिकडून बोललास तर हा डबा मला काय सांगनार?" ते ऐकून जायचंच नाही, असं मी ठरवत आणलं होतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "जायचं की नाही ते नंतर ठरव. आधी ऐकण्याचं बघू."

फोनला रबराच्या चकतीने चिकटणारी एक कॉइल मिळते. तिच्यातून निघणारा सिग्नल अगदी बारीक, त्याला हजारपट मोठं करायचं आणि हेडफोनला द्यायचं. मोठं करण्याचं काम ऑप-अँपचं, म्हणजे आठ पायांच्या एका छोट्या आयसीचं. मी घाईतला माणूस. एकाच आयसीवर हजारपटीचे रेझिस्टन्स लावले आणि आईच्या कानाला हेडफोन दिला. चंदनसारहून फोनवर सर बोलत होते.

आई म्हणाली, "आवाज तर लय येतो. शब्द नाय येत."

दुसऱ्या दिवशी सरांनी माझं सर्किट पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "तुझ्या वाडीत एकाच माणसाच्या डोक्यावर केळीचे सगळे घड दिलेस तर तो चालेल रे, पण धावेल का?"

"नाही धावणार."

"मग या बिचाऱ्यावर का लादलेस? किती पट वाढवायचं आणि किती वरच्या पट्टीपर्यंत पोचायचं, यांचा गुणाकार याचा ठरलेला असतो. तू सगळं वाढवण्यातच खर्च केलंस. स, श, च ही अक्षरं वरच्या पट्टीत असतात, तिथवर तो पोचतच नाही. शब्द ओळखू येतात ते त्यांच्यावरच. तीन टप्पे कर. दहा, दहा आणि दहा. पहिल्याला कमी खरखरीची आयसी घे, तिथे चिक्कूपणा नको. त्याची खरखर पुढचे दोघंही वाढवतात."

दहा गुणिले दहा गुणिले दहा. हजार तेच, पण प्रत्येकाला दम राहिला. मी केलं तसं. या खेपेला सर स्वतः स्कूटरवरून होळीला आले, आणि मी कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला. आईने हेडफोन घातला, ऐकलं, आणि सरांना म्हणाली, "सर, पोरगा बोलतो ते समजतं. पन त्याच्या मागे कोन बातम्या देतोय?"

सरांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि मोठ्याने हसले. खाडीपलीकडचं रेडिओ केंद्र थेट आमच्या घरात शिरलं होतं! मी धावत परतलो तर सर आईसमोर मांडी घालून बसलेले. "चूक माझी," ते तिला सांगत होते. "दार उघडं ठेवायच्या नादात कडी लावायला विसरलो. माणसाच्या बोलण्यापुरतं उघडं ठेवलं की झालं." मग आमच्या ओसरीवरच त्यांनी कॉइलला बाहेरचे आवाज अडवणारी जाळीची वायर जोडली, सुरुवातीला एक आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक छोटा कपॅसिटर लावला. बातम्या गेल्या, खरखर निवली. अडाणी बाईपुढे आपली चूक अशी सहज कबूल करणारा शिकलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही क्वचितच.

मी निघालो. मस्कतहून पहिला फोन लावला. सवयीने जीव तोडून ओरडलो, "आई, मी बोलतोय! पोचलो गं!"

पलीकडून शांत आवाज आला, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरी हाय?"

मी बूथमध्येच खाली बसलो.

माझ्यामागे कित्येक रविवारी सर होळीला जाऊन त्या यंत्राची बॅटरी बदलून आले. मी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं. आईकडूनच कळलं. मी आभार मानले तर म्हणाले, "ताजी भाजी मिळते, म्हणून जातो."

हा लेख लिहिताना आईला फोन केला (ती अजून त्याच यंत्रातून ऐकते) आणि विचारलं, सरांसाठी काय लिहू? ती म्हणाली, "लिही, देव त्यांना शंभर वर्षं ठेवो, हातपाय धड ठेवो. आनि हेपन लिही, की भर उन्हात स्कूटर नका काढू आता. तब्येतीला जपा. माझं एवढं ऐका म्हनावं, मी तुमचं रोज ऐकते."